बॅटरी खातंय कोण?

मोबाइलची बॅटरी लाल झाली की आपल्या पोटात गोळा येतो. कुठल्या कॅफेत कुठल्या टेबलाखाली सॉकेट आहे, हे आपल्याला तोंडपाठ असतं. शिवाय फोन स्वतःच यादी देतो, कुठल्या ॲपनं किती टक्के खाल्ले त्याची. गाडीची बॅटरी मात्र बॉनेटखाली मुकाट बसलेली. ती ना लाल होत, ना तक्रार करत. एका सकाळी तुम्ही चावी फिरवता, ती नुसतं 'टक्' म्हणते आणि विषय संपतो!

मग सुरू होतो आपला नेहमीचा सिनेमा. वॉचमन, पेपरवाला आणि वॉकवरून परतणारे दोन काका मिळून धक्का मारतात. गाडी चालू होते, आपण सगळ्यांना थँक्यू म्हणतो, ऑफिसला उशीर होतो. आठवड्यानं पुन्हा 'टक्'. गॅरेजवाला म्हणतो, 'बॅटरी गेली, नवीन टाका.' आपण स्कॅन करतो, पैसे जातात, नवी कोरी बॅटरी येते. आणि काही आठवड्यांनी...? करेक्ट. पुन्हा 'टक्'!

अशा वेळी आपण बॅटरीला शिव्या घालतो, कंपनीला घालतो, नाहीतर गाडी शेवटची ज्यानं चालवली त्याला घालतो. हा तिसरा प्रकार जरा डेंजर असतो. कारण बॅटरी आणि कंपनीला मन नसतं, माणसाला असतं. आजची गोष्ट त्याचीच आहे. एका पिकअपची, एका ड्रायव्हरकाकांची आणि काही रुपयांच्या एका वायरीची.

अंजीर, ईएमआय आणि पहाटेचे चार

माझा आतेभाऊ, म्हणजे आमचा दादा, हिंजवडीतली नोकरी सोडून अंजीर विकतो. हसू नका, सीरियसली विकतो. पुरंदरच्या अंजिराला २०१६ साली जीआय मानांकन मिळालंय, आणि सासवडच्या बाजूला बागा असलेले दोन-तीन शेतकरी त्याला थेट माल देतात. शनिवारी पहाटे चारला पिकअप निघते, दिवे घाट चढून सासवडला पोचते, क्रेट भरते आणि नऊच्या आत बाणेर-बालेवाडीच्या सोसायट्यांच्या गेटवर उभी राहते. रविवारी पुन्हा तेच. सोमवार ते शुक्रवार गाडी पार्किंगमध्ये आणि दादा लॅपटॉपवर. फ्रीलान्सिंग करतो. गाडीचा हप्ता त्यातून जातो.

आता अंजीर हे भलतंच नाजूक प्रकरण आहे. आंब्यासारखं कच्चं तोडून अढीत घालायची सोय नाही. झाडावर पिकलं की तोडायचं आणि लगेच विकायचं. एक-दोन दिवस गेले की माल मऊ पडतो, फुटतो, आंबतो. म्हणजे पहाटे चारला गाडी चालू झाली नाही, तर तो फक्त दादाचा प्रॉब्लेम नसतो. तिकडे बागेत बॅटरीच्या उजेडात फळं तोडून बसलेल्या शेतकऱ्याचासुद्धा असतो.

जानेवारीत एका शनिवारी गाडी चालू झाली नाही. बॅटरी तीन वर्षं जुनी होती. ठीक आहे, वय झालं, नवी आणली. फेब्रुवारीच्या शेवटी नवी बॅटरीही बसली. दुकानदारानं चार्ज करून दिली. मार्चमध्ये दोनदा पुन्हा तेच झालं. वॉरंटीसाठी गेल्यावर दुकानदार म्हणाला, 'बॅटरीत काही नाही, गाडीत लीकेज आहे.' आणि दादाच्या डोक्यात एकच नाव आलं... काका.

काका म्हणजे त्याचे ड्रायव्हर. साठीला टेकलेले, आयुष्यभर टेम्पो चालवलेले. शनिवार-रविवार गाडी चालवतात आणि बुधवारी येऊन धुतात. दादाचा हिशोब सरळ होता. गाडी आठवडाभर बंद असते, हात फक्त काकांचा लागतो, म्हणजे बुधवारी केबिनमध्ये बसून गाणी ऐकत असणार, आतला दिवा चालू ठेवून जात असणार. काका म्हणाले, 'साहेब, मी असं कधी करत नाही.' दादा म्हणाला, 'मग बॅटरी काय हवेत जाते?' आणि मार्चच्या पगारातून पंधराशे रुपये कापले.

काका काही बोलले नाहीत. फक्त पुढच्या बुधवारी गाडी धुवायला आले नाहीत.

हे सगळं मला रविवारी जेवताना कळलं. आत्या वाढता वाढता म्हणाली, 'अगं, इतकी वर्षं माणूस गाडी चालवतोय, त्याला दिवा बंद करायचं कळणार नाही होय?' दादा गप्प. मास कॉमच्या पहिल्याच वर्षी आम्हाला एक गोष्ट घोटून घोटून शिकवली होती, आरोप छापायच्या आधी दुसरी बाजू तपासा. इथे दुसरी बाजू तपासायला माणूस नको होता, मीटर हवा होता.

पहिला संशयित : खुद्द बॅटरी

आमच्या एरियात एक ऑटो इलेक्ट्रिशियन आहेत. सगळे त्यांना मिस्त्री म्हणतात. वर्कशॉप म्हणजे एक पत्र्याची शेड, एक चार्जर आणि भिंतीवर लटकलेल्या शंभर वायरी. मी सगळी स्टोरी सांगितली. त्यांनी चहा मागवला आणि म्हणाले, 'ताई, आधी मोजू, मग बोलू.'

त्यांचा फण्डा एकदम सिम्पल आहे. बॅटरी उतरण्याची कारणं तीनच. एक, बॅटरी स्वतःच कामातून गेलीय. दोन, गाडी चालताना ती नीट भरतच नाही. तीन, गाडी उभी असताना कुणीतरी ती खातंय. तिघांना एकदम पकडायला जायचं नाही. एकेकाला सोडत जायचं.

बॅटरीची चौकशी सगळ्यात सोपी. गाडीची नेहमीची बॅटरी १२ व्होल्टची म्हणतात, पण आत सहा कप्पे असतात आणि प्रत्येक कप्पा सुमारे २.१ व्होल्टचा. म्हणून पूर्ण भरलेली, काही तास शांत ठेवलेली बॅटरी मीटरवर १२.६च्या आसपास दाखवते. १२.२ म्हणजे साधारण अर्धी. १२च्या खाली म्हणजे तळ दिसायला लागला. फक्त गाडी बंद केल्या केल्या मोजायचं नाही, तेव्हा आकडा उगाच चढलेला असतो.

मिस्त्रींनी बॅटरी रात्रभर चार्ज केली आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मोजली. १२.६. मग गाडीत बसवली, पण मायनसची केबल जोडलीच नाही. 'शुक्रवार रात्रीपर्यंत अशीच ठेवा,' म्हणाले. या टेस्टला मीटरसुद्धा लागत नाही, १० नंबरचा एक पाना पुरतो. केबल काढून ठेवली आणि तरीही बॅटरी बसली, तर दोष बॅटरीचा. केबल काढल्यावर बॅटरी टिकली, तर खाणारा गाडीत आहे.

शनिवारी पहाटे केबल जोडली, चावी फिरवली. पहिल्या सेल्फला गाडी चालू! बॅटरी निर्दोष सुटली.

पण दादा कसला ऐकतोय? म्हणाला, 'बघ, केबल काढल्यावर काकांना दिवा लावताच येणार नाही. म्हणून टिकली!' लॉजिक चुकीचं नव्हतं, हीच तर गंमत. या टेस्टनं बॅटरी सुटली होती, काका नव्हते सुटले.

दुसरा संशयित : डायनॅमो

बॅटरी भरायचं काम अल्टरनेटरचं. आपले मिस्त्रीलोक त्याला अजून डायनॅमोच म्हणतात. इंजिन चालू असताना बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलवर मीटर लावला तर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. बरेच कमी दिसले तर बॅटरी उपाशी राहतेय. फार जास्त दिसले तर उकळतेय. पिकअपला दिसले १४.२. म्हणजे भरण्याच्या बाबतीत डायनॅमोही क्लीन.

'पण त्याला पूर्ण सोडायचं नाही,' मिस्त्री म्हणाले. डायनॅमोच्या आत डायोड असतात. करंट एकाच दिशेनं जाऊ देणारे गेटकीपर म्हणा. एखादा डायोड खराब झाला की दिवसा गाडी व्यवस्थित भरते आणि रात्री त्याच वाटेनं करंट परत गळतो. म्हणून त्याचं नाव यादीत ठेवलं, फक्त खाली.

राहिला तिसरा. गाडी बंद असताना खाणारा.

मीटर काय म्हणाला

रविवारी संध्याकाळी, गाडी फेरीवरून आल्यावर, मिस्त्री आपली पिशवी घेऊन पार्किंगमध्ये आले. मी हौसेनं स्वतःचा मल्टीमीटर आणला होता, बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून घेतलेला. मिस्त्रींनी तो उलटसुलट करून बघितला आणि पहिला धडा दिला. स्वस्त मीटरच्या १० ॲम्पिअरच्या भोकाला बऱ्याचदा आत फ्यूजच नसतो. जास्त करंट गेला तर मीटर जळतो, हातही भाजतो. म्हणून मीटर लावलेला असताना चावी फिरवायची नाही, सेल्फ तर अजिबात मारायचा नाही. डिझेल गाडीचा सेल्फ एका झटक्यात दोन-तीनशे ॲम्पिअर ओढू शकतो. माझा मीटर त्यांनी बाजूला ठेवला आणि स्वतःचा काढला.

व्होल्टेज मोजताना मीटर बॅटरीच्या दोन टोकांना लावतात. करंट मोजताना मात्र त्याला रस्त्यातच उभं करावं लागतं, टोलनाक्यासारखं. जे जाईल ते त्याच्यातूनच जाईल. मायनसची केबल काढली, मीटरची लाल वायर केबलला, काळी बॅटरीच्या मायनसला. दार उघडं होतं म्हणून त्याची खिट्टी स्क्रू-ड्रायव्हरनं दाबून ठेवली, म्हणजे गाडीला वाटावं दार बंद आहे आणि आतला दिवा विझावा.

सुरुवातीला आकडा आला दोनच्या वर. मी दचकले! मिस्त्री म्हणाले, 'थांबा, गाडी जागी झालीय. झोपू द्या.' केबल जोडली की आजकालच्या गाड्यांमधले छोटे छोटे कॉम्प्युटर जागे होतात आणि पुन्हा झोपायला वेळ घेतात. कधी वीस मिनिटं, कधी पाऊण तास. घाई करून मोजलं तर निरपराध माणूस अडकतो. इथे दादानं माझ्याकडे बघितलं, मी मुद्दाम त्याच्याकडे बघितलं नाही.

अर्ध्या तासानं आकडा स्थिर झाला. ०.५८ ॲम्पिअर. मिलिॲम्पिअरमध्ये ५८०.

हे जास्त की कमी? बंद गाडी थोडा करंट खातेच. घड्याळ, लॉकिंग, इंजिनच्या कॉम्प्युटरची मेमरी. पण हे सगळं मिळून साधारण ५० मिलिॲम्पिअरच्या आत असायला हवं. इथे त्याच्या दहापटीहून जास्त होतं. आणि मुख्य म्हणजे केबिनमधला दिवा बंद होता, गाणी बंद होती, चावी दादाच्या खिशात होती आणि काका तर तिथे नव्हतेच!

मी मोबाइलवर हिशोब केला. रविवारी रात्री दहा ते शनिवारी पहाटे चार म्हणजे १२६ तास. गुणिले ०.५८. आले ७३ ॲम्पिअर-अवर. बॅटरीवर काय लिहिलंय? ७५! म्हणजे कुणी दिवा लावो न लावो, ही बॅटरी शनिवारपर्यंत रिकामी होणारच होती. खरं तर गुरुवारीच सेल्फ मारण्याची ताकद संपत असणार, फक्त गुरुवारी कुणी चावी फिरवत नव्हतं.

दादानं आकडा दोनदा गुणून बघितला. इंजिनिअर माणूस. तिसऱ्यांदा बघितला नाही.

सगळे फ्यूज काढले, तरी...

आता चोर कुठल्या खोलीत आहे ते शोधायचं. गाडीचा फ्यूज बॉक्स म्हणजे सोसायटीचं मीटर रूम. प्रत्येक फ्यूजवर दोन-चार गोष्टी चालतात. एक फ्यूज काढायचा, मीटर बघायचा, आकडा पडला नाही तर जागच्या जागी बसवायचा आणि पुढचा काढायचा. आधी झाकणाचा फोटो काढून ठेवायचा, म्हणजे कुठला कुठे होता हा घोळ नको. नवीन गाड्यांमध्ये फ्यूज काढला की एखादा कॉम्प्युटर जागा होतो, म्हणून तिथे फ्यूज जागेवरच ठेवून त्याच्या डोक्यावरच्या दोन टोकांमध्ये मिलिव्होल्ट मोजतात. शून्य म्हणजे करंट नाही, आकडा दिसला म्हणजे इथून कुणीतरी ओढतंय.

आम्ही एकेक करत गेलो. हॉर्न, वायपर, हेडलाइट, मग म्युझिक आणि आतला दिवा. सगळ्यांत मिळून दोन-तीन मिलिॲम्पिअर इकडेतिकडे. आकडा ०.५८वर ढिम्म! दादा म्हणाला, 'मीटर बिघडलाय.' मिस्त्री हसले. 'मीटर नाय बिघडला. चोर दारातून येतच नाही, खिडकीतून येतोय.'

म्हणजे असं, की करंट फ्यूज बॉक्समधून जात नसेल, तर बॅटरीवरून थेट जाणाऱ्या वायरी बघायच्या. अशी एक जाड केबल डायनॅमोची. ती सोडवली, वेगळी धरली. आकडा तोच. डायनॅमो आता खरोखर सुटला.

मग मिस्त्रींनी तो प्रश्न विचारला, जो खरं तर पहिल्यांदा विचारायला हवा असतो. 'गाडीत शेवटचं नवीन काय बसवलं?'

दादा म्हणाला, 'काहीच नाही.'

मिस्त्रींनी टॉर्च प्लसच्या टर्मिनलवर मारला. केबलच्या खाली, नटमध्ये दाबलेली एक लाल वायर. कंपनीची नव्हती, जरा जास्तच चकचकीत होती. त्यांनी ती बोटानं धरून माग काढला. फायरवॉलच्या भोकातून आत, मॅटखालून, सीटच्या खाली. सीट उचलली. खाली एक ॲम्प्लिफायर!

'अरे हो...' दादा म्हणाला. 'हा डिसेंबरात बसवला. गेटवर गाडी उभी केली की जरा साउंड पाहिजे ना, लोकांचं लक्ष जातं.' एका ॲक्सेसरीजच्या दुकानात तासाभरात काम झालं होतं. त्याच्या मते ते 'गाडीत काही नवीन बसवणं' नव्हतंच. आणि डिसेंबरनंतर पहिल्यांदा बॅटरी कधी बसली? जानेवारीत.

मिस्त्री मला म्हणाले, 'हात लावून बघा.' मी लावला. गाडी संध्याकाळपासून बंद, म्युझिक सिस्टिम बंद, एक आवाज नाही. आणि डबा कोमट लागत होता. बंद गाडीत जे गरम लागतं, ते खातंय! यासाठी मीटर लागत नाही, तळहात पुरतो.

निळी वायर

प्रकार साधा होता. कार म्युझिक सिस्टिमला साधारणपणे तीन मुख्य वायरी असतात. पिवळीत कायम करंट, लाल चावीवर चालणारी, काळी अर्थिंगची. ॲम्प्लिफायरला बॅटरीवरून स्वतःची जाड वायर येते, ते बरोबरच असतं. पण त्याला उठवायला आणि झोपवायला एक बारीक वायर असते, बहुतेक वेळा निळी. म्युझिक सिस्टिम चालू झाली की त्या वायरीतून निरोप जातो, 'ऊठ.' बंद झाली की निरोप थांबतो आणि ॲम्प्लिफायर झोपतो. दुकानातल्या पोरानं ती निळी वायर थेट बॅटरीवरून येणाऱ्या त्या जाड वायरीला पिळून टाकली होती. म्हणजे ॲम्प्लिफायरला डिसेंबरपासून एक रात्रही झोप नव्हती. त्याचा छोटा लाल दिवा अखंड चालू होता, पण सीटखाली मॅटनं झाकलेला. दिसणार कुणाला?

मिस्त्रींनी निळी वायर तिच्या हक्काच्या जागी जोडली. जाड वायरीला बॅटरीजवळच एक फ्यूज टाकला, कारण तोही नव्हता. ही जास्त सीरियस गोष्ट होती. बिनफ्यूजची वायर पत्र्याला घासून उघडी पडली तर बॅटरी उतरत नाही, गाडी पेटते.

पुन्हा अर्धा तास. मीटर ०.०३ ॲम्पिअर. म्हणजे तेवढ्याच १२६ तासांत चारपेक्षाही कमी ॲम्पिअर-अवर. पंच्याहत्तरातले चार! बिल झालं चारशे रुपये, फ्यूज आणि चहा धरून.

फक्त एक नुकसान भरून आलं नाही. शिशाची बॅटरी पुन्हा पुन्हा तळापर्यंत उतरली की तिच्या प्लेटांवर सल्फेटचे कडक खडे जमतात आणि तिची ताकद कायमची कमी होते. दादाची 'नवी' बॅटरी तीन महिन्यांतच म्हातारी झाली होती. गुन्हेगार म्हणून तिला दोनदा दुकानात नेलं, ती प्रत्यक्षात बळी होती.

तुमच्या गाडीचं काय?

'आमच्याकडे कुठे पिकअप आहे?' असं म्हणून पान उलटू नका, बॉस. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये पार्किंगमधल्या किती गाड्या 'टक्' म्हणाल्या ते आठवा. आता घरून काम, मेट्रो आणि कॅब यांच्यात आपल्या गाड्या पुन्हा आठवडाभर उभ्या असतात. शिवाय आपण त्यांना काय काय लावलंय? गाडी उभी असतानाही शूटिंग करणारा डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर, चोवीस तास जिवंत राहणाऱ्या सॉकेटमधला चार्जर. एकेकटे सगळे गरीब, पण मिळून जेवायला बसले की ताट रिकामं.

म्हणून मिस्त्रींकडून शिकलेल्या चार गोष्टी, फ्रीमध्ये :

गाडी दर आठवड्याला पाच मिनिटं जागच्या जागी चालू करून ठेवणं, यानं समाधान मिळतं, बॅटरी भरत नाही. अर्धा-पाऊण तास रस्त्यावर चालवा. पंधरा-वीस दिवस गावाला जाणार असाल आणि गाडी साधी असेल, तर मायनसची केबल काढून ठेवा. काढताना मायनस आधी, जोडताना मायनस शेवटी. उलटं केलंत आणि पाना गाडीच्या पत्र्याला टेकला, तर ठिणग्यांची दिवाळी बघाल. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, त्यामुळे ती दिवाळी नकोच. नव्या, कॉम्प्युटरवाल्या गाडीची केबल काढण्याआधी मात्र मॅन्युअल वाचा.

जंप-स्टार्ट करताना लाल वायर आधी बसलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळी चांगल्या बॅटरीच्या मायनसला आणि तिचं शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब.

गाडीत काहीही नवीन बसवलंत, तर त्याच दिवशी बंद गाडीचा करंट मोजून मागा. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू दे. आणि कुणी 'बॅटरी गेली' म्हणालं की एकच प्रश्न विचारा, 'किती व्होल्ट दाखवतेय?' आकडा नसेल तर ते निदान नाही, अंदाज आहे.

दादाचं म्हणाल, तर तो सोमवारी स्वतः काकांच्या घरी गेला. पंधराशे रुपये परत दिले आणि सॉरी म्हणाला. काका 'असू द्या साहेब, होतं असं' म्हणाले. पण पैसे घेताना त्यांनी पाकिटातून त्या महिन्याचा कागद काढला आणि कापलेल्या रकमेच्या पुढे पेनानं 'मिळाले' असं लिहून दादाची सही घेतली. दादा म्हणतो, त्या सहीला त्याचा हात जड झाला होता.

मला विचाराल तर काकांनी बरोबर केलं. बॅटरी चार्ज करता येते, बदलता येते. माणसावर टाकलेला संशय इतक्या पटकन उतरत नाही, त्याची कुठेतरी नोंद राहतेच. आणि तो टाळायला इथे लागलं काय, तर एक मीटर, एक पाना आणि थोडा धीर. तेव्हा पुढच्या वेळी तुमची गाडी 'टक्' म्हणाली, तर आवाज चढवायच्या आधी बॉनेट उघडा. आणि हो, सीटखाली एकदा हात घालून बघा. काही कोमट लागतंय का?